थेरपीच्या पाऊण तासानंतर

मूल अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, म्हणून आईवडील तालुक्याहून शहरात येतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर निदान होते: ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. हातात फाइल पडते आणि सल्ला मिळतो, 'थेरपी सुरू करा'. ही थेरपी आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास. उरलेला आठवडा त्या मुलाशी कसे वागायचे, ते फाइलमध्ये लिहिलेले नसते. घरी मात्र सल्ल्यांना तोटा नाही. 'याचा बापही उशिराच बोलायला लागला', 'मोबाइल दिलात म्हणून झालं', 'आईनेच लाडावून ठेवलंय'.

यातले शेवटचे वाक्य सर्वांत घातक. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो, असे गेल्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य तज्ज्ञही म्हणत. विज्ञानाने ते केव्हाच मोडीत काढले. ऑटिझमचे मूळ मेंदूच्या विकासातल्या वेगळेपणात आहे, आईवडिलांच्या संगोपनात नाही. तरी आईच्या माथी दोष मारण्याची सवय गेलेली नाही. आणि अपराधी वाटणारी आई पुष्कळदा मुलाशी खेळत नाही, त्याची परीक्षा घेत राहते.

मुलगा गाडी उलटी करून चाक फिरवत बसलेला असतो. आई विचारते, 'गाडीचा रंग कोणता? चाकं किती? सांग ना!' मुलगा पाठ फिरवतो. पालक-प्रशिक्षणात नेमके उलटे शिकवतात. जमिनीवर त्याच्यासमोर बसायचे, तो बघतोय ते चाक आपणही बघायचे, 'गोल गोल' एवढेच म्हणायचे आणि थांबायचे. हे थांबणेच अवघड. दहा सेकंदही फार वाटतात. पण त्या शांततेत मूल एखाद्या वेळी आईकडे बघते, तिचा हात धरून चाकाकडे नेते. खेळाचे चित्रीकरण करून तोच क्षण तिला पुन्हा दाखवला, की 'हे मला जमलं' असे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. नुसत्या धीराच्या शब्दांनी एवढे बळ येत नाही.

ही पद्धत मूळची ब्रिटनची. गोव्यात 'संगत' संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीला ती आपल्याकडच्या घरांसाठी बदलून घेतली. ६५ मुलांवरचा हा अभ्यास 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त २०१६ मध्ये छापून आला. पालकांना शिकवणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते. सहा महिन्यांत १२ बैठका झाल्या. पालक मुलाच्या कलाने बोलू लागले, मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एका गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला, हेही संशोधकांनी लपवले नाही. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. जादू विकणारे बाजारात वेगळेच आहेत. काय बदलू शकते आणि काय नाही, हे कळलेले पालक त्यांच्या नादी सहसा लागत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनेही दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटींचा कार्यक्रम तयार केला आहे. तोही तज्ज्ञ नसलेल्यांनी चालवायचा. मग अडते कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत ऑटिझमचा समावेश आहे. मुलांना पुढे पाठवायला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. पण तपासून, कागद देऊन कुटुंबाला घरी पाठवणे म्हणजे सेवा पूर्ण झाली, असे मानून कसे चालेल? निदानाच्या दिवशीच पालकांच्या पुढच्या गटाची तारीख त्या कागदावर लिहून द्यायला हवी.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रशिक्षणाच्या नावाखाली सगळा भार पुन्हा आईवरच टाकायचा, असे होता कामा नये. ती आधीच स्वयंपाक, थेरपीच्या फेऱ्या आणि नातेवाइकांचे टोमणे सांभाळत असते. बैठका रविवारी ठेवाव्यात, बसभाडे द्यावे, मोठ्या भावंडाला सोबत आणू द्यावे. बाबा आणि आजी यांनाही बोलवावे. आजीला तर आधी.