दिल्लीतील आपला उंबरठा

मे महिन्याची पहिली सकाळ आपल्याकडे ठरलेल्या रीतीने उजाडते. हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातात, शिवाजी पार्कवर संचलन होते, आणि देवनारपासून मुलुंडपर्यंतच्या शाळांच्या मैदानांवर झेंडावंदन आटोपून, कडक इस्त्रीच्या गणवेशातली पोरे प्रगतिपुस्तक छातीशी धरून घराकडे धूम ठोकतात. देवनारात या दिवसाला कामगार दिनाचा रंग अंमळ जास्तच चढतो. १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणाऱ्या या भूमीवर हाताने काम करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, त्यांना सुट्टीचा आणि कामाचा दिवस सहसा वेगळा ओळखू येत नाही. तरीही लाऊडस्पीकरवर राज्यगीत लागले की क्षणभर पावले थबकतात. राजा बढे यांनी लिहिलेल्या आणि शाहीर साबळे यांच्या खड्या आवाजाने घरोघरी नेलेल्या त्या गीताला २०२३ पासून राज्यगीताचा अधिकृत मान आहे. त्यात दिल्लीच्या तख्ताचा उल्लेख येतो, तेव्हा आपला ऊर भरून येतो. इतकी वर्षे झाली, तरी येतोच.

दिल्लीशी आपले नाते जुने आणि थोडे अवघडलेले. १७३७ मध्ये बाजीरावाच्या फौजेने जिथे तळ ठोकला, त्याच तालकटोऱ्याच्या परिसरात २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वे साहित्य संमेलन भरले. तारा भवाळकर अध्यक्षस्थानी होत्या, आणि १९५४ नंतर प्रथमच सारस्वतांचा मेळा राजधानीत जमला होता. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून देणारे चिंतामणराव देशमुख आपले, आणि चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून बोलावणे येताच मुख्यमंत्रिपद मागे ठेवून गेलेले यशवंतरावही आपले. हे सारे मोठ्यांचे जाणे-येणे. पण दिल्लीला रोज जाणारा महाराष्ट्र निराळा आहे. तो नांदेडहून सचखंडने, नागपूरहून ग्रँड ट्रंकने, मुंबईहून पंजाब मेलने जातो. त्याच्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असते, प्लास्टिकच्या कव्हरात कागदपत्रे असतात, आणि स्टेशनाबाहेर उतरल्यावर त्याला पहिला प्रश्न पडतो तो तख्ताचा नव्हे, अंग टाकायला जागा कुठे मिळेल याचा.

त्या प्रश्नाला राज्याने दिलेले उत्तर म्हणजे महाराष्ट्र सदन. आजच्या दिवशी त्याची आठवण काढण्याचे कारण एवढेच, की महाराष्ट्राच्या सीमेबाहेर महाराष्ट्राची म्हणून जी थोडकी जमीन आहे, तिच्यातला हा सर्वात ठळक तुकडा. तिथेही आज तिरंगा चढतो, तिथेही राज्यगीत होते. सदने दोन आहेत. जुने कोपर्निकस मार्गावरचे, आणि नवे कस्तुरबा गांधी मार्गावरचे, म्हणजे ज्याला दिल्लीकर पूर्वी कर्झन रोड म्हणत. इंडिया गेटच्या आसपासचा हा सगळा परिसर मुळात संस्थानिकांच्या हवेल्यांचा. आपल्या सयाजीरावांचे बडोदा हाउस आज उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे, ढोलपूर हाउसमध्ये लोकसेवा आयोग बसतो, हैदराबाद हाउसमध्ये परराष्ट्रांच्या पाहुण्यांना मेजवान्या झडतात. राजे गेले, राज्ये आली, आणि राजांच्या शेजारी राज्यांनी आपापली भवने उभारली. नव्या सदनाची जागाही सिरमूर संस्थानाच्या नावाने ओळखला जाणारा भूखंड. ४ जून २०१३ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. इमारत देखणी आहे यात शंका नाही. समोर शिवछत्रपतींचा पुतळा, रुंद पायऱ्या, उंच खांब, आत गेल्यावर नकळत चप्पल वाजू नये म्हणून जपून पाय टाकावा असा थाट.

हा थाट उभा राहिला कशातून, हे आपण उपनगरवासीयांनी तरी विसरू नये. सरकारने तिजोरीतून थेट पैसे मोजले नाहीत. अंधेरीच्या परिवहन कार्यालयाचा भूखंड विकसित करण्याचे हक्क एका कंपनीला दिले गेले आणि त्या बदल्यात तिने दिल्लीतले सदन बांधून द्यायचे, असा तो व्यवहार होता. पुढे त्यावर गैरव्यवहाराचे आरोप झाले, २०१५ मध्ये गुन्हा नोंदला गेला, व्यवहाराच्या वेळचे सार्वजनिक बांधकाम मंत्री छगन भुजबळ यांना या नि अशा प्रकरणांतल्या पैशांच्या तपासात दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने सदनाच्या खटल्यातून त्यांना दोषमुक्त केले. त्या वादात आज शिरण्याचे प्रयोजन नाही. मात्र एक गोष्ट वादातीत उरते. दिल्लीतली ती वास्तू अंधेरीच्या मातीच्या मोलावर उभी आहे. मुंबईच्या उपनगरात जमिनीची काय किंमत असते, ती मोजताना माणसाचे आयुष्य कसे खर्ची पडते, हे देवनार-गोवंडीच्या चाळी-झोपड्यांतल्या माणसाला कुणी शिकवायला नको. म्हणून या सदनावर आपला हक्क आहे असे म्हणताना आवाज चाचरण्याचे कारण नाही.

आता या घराच्या बातम्या आपल्यापर्यंत कशासाठी येतात ते पाहावे. जुलै २०१४ मध्ये जेवण नीट नाही, मराठी पदार्थ मिळत नाहीत, या तक्रारीवरून काही खासदारांनी तिथल्या एका रोजेदार कर्मचाऱ्याच्या तोंडात चपाती कोंबली आणि सगळ्या देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. मे २०२३ मध्ये सावरकर जयंतीच्या कार्यक्रमासाठी अहिल्यादेवी आणि सावित्रीबाईंचे पुतळे हलवल्याचा आरोप होऊन गदारोळ उठला. जेवणाची तक्रार खोटी नसेलही. पुतळ्यांचा मानही राखलाच पाहिजे. पण ज्या मातीत पंढरीच्या वाटेवर अनोळखी वारकऱ्याला हाताला धरून पंगतीत बसवतात, त्या मातीच्या नावाने चालणाऱ्या घरात उपवासाच्या माणसाच्या तोंडात घास कोंबला गेला, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे. ती पुरेशी वाटली असे दिसले नाही. आणि या सगळ्या गलक्यात, तिथे सामान्य मराठी माणसाला खोली मिळते का, हा प्रश्न कुणीच विचारला नाही.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत पूर्वी पाहुण्यांसाठी एक बैठकीची खोली राखलेली असे. सोफ्यावर पांढरे आच्छादन, काचेच्या कपाटात बाहुल्या, आणि घरच्या पोरांना तिथे बसायला मज्जाव. सदनाचे काहीसे तसेच झाले आहे. मंत्री, न्यायमूर्ती, आमदार, खासदार, सचिव असा मानाचा क्रम लागतो. तो लागणे गैर नाही, राज्याचे काम तिथून चालते. निवासी आयुक्तांचे कार्यालय केंद्राकडे राज्याची गाऱ्हाणी आणि प्रस्ताव घेऊन जाते, त्यासाठी येणाऱ्यांची सोय हवीच. पण या रांगेच्या शेवटी उभा असलेला माणूस कुणाचे पत्र आहे का, या एका प्रश्नापाशी अडतो. पत्र मिळवायला ओळख लागते, आणि ज्याला ओळख आहे त्याला दिल्लीत सदनाची गरज तशी कमीच असते.

यजमानपण कसे असते ते पाहायला देवनारकरांना दूर जावे लागत नाही. गोवंडी किंवा मानखुर्दला गाडीत बसावे, खाडीपूल ओलांडावा, की वाशी येते. स्टेशनच्या पलीकडे आसाम, ओडिशा, उत्तर प्रदेश, केरळ, उत्तराखंड अशा राज्यांची भवने शेजारी शेजारी उभी आहेत. तिथेही त्यांचे मंत्री उतरतात. पण सकाळच्या हार्बर लोकलमध्ये आपल्याला दिसतात ती माणसे वेगळी. खांद्यावर लाल काठाचा पांढरा गामोसा, मांडीवर एक्स-रेचे मोठे पाकीट, शेजारी तोंडाला मास्क लावलेली, केस गेलेल्या डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळलेली बाई. परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेली. कुर्ल्याला उतरायचे की पुढे, हे तो माणूस तोडक्यामोडक्या हिंदीत विचारतो आणि निम्मा डबा एकदम उत्तर देतो. रात्री त्याला त्याची भाषा बोलणारे, त्याच्या चवीचा भात वाढणारे कुणीतरी वाशीत असते. ब्रह्मपुत्रेकाठच्या माणसाला त्याच्या सरकारने खाडीकाठी दिलेला हा आसरा आपण रोज पाहतो, आणि मग वाटते, आपल्या गडचिरोलीच्या, परभणीच्या माणसाला दिल्लीच्या ‘एम्स’च्या दारात असा आसरा आहे का?

असा आसरा कुणाकुणाला लागतो, याची यादी केली तर संपणार नाही. ढोलपूर हाउसमध्ये मुलाखतीला जाणाऱ्या पोरांसाठी सदनाने दार उघडले आहे, उत्तीर्ण झालेल्यांचे सत्कारही तिथेच होतात, हे चांगलेच. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकून दिल्लीला संशोधनाच्या कामासाठी जाणारी, खेड्यातून आलेली, घरात पहिल्यांदा पदवी पाहिलेली मुले आहेत. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी दिवसेंदिवस जळत राहिली, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत उमटला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राचे घनकचऱ्याचे नवे नियम आले. कचऱ्याचे नियम पाळले जात नाहीत म्हणून इथल्या एखाद्या वस्तीने मंत्रालयाची पायरी चढायचे ठरवले, तर मुक्काम कुठे करायचा? आणि बेळगावचा सीमावासी? महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. त्या तारखांना स्वखर्चाने दिल्ली गाठणाऱ्या माणसाच्या ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता असतो. १ मे १९६० रोजी जो राज्यात येता येता राहिला, त्याला सदनाच्या खिडकीशी पत्ता विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे आम्हाला वाटत नाही.

जुने वर्ष सरून नवे लागले की आपण दाराला तोरण बांधतो, उंबरठा सारवतो, हळदीकुंकू वाहतो. पाडवा नुकताच होऊन गेला, राज्याचाही आज वाढदिवस. सदनाच्या उंबरठ्यासाठी फार मोठी मागणी करायची नाही. दोन इमारतींतल्या काही खोल्या रुग्ण, विद्यार्थी आणि अर्जदार यांच्यासाठी वर्षभर राखून ठेवाव्यात, कितीही मोठा पाहुणा आला तरी त्या देऊ नयेत. त्यांचे वाटप पत्राशिवाय, अर्जाच्या क्रमाने व्हावे. कोणत्या दिवशी किती खोल्या कुणाला मिळाल्या, हे सगळ्यांना वाचता येईल असे लावावे. जेवणघरात झुणका-भाकर, वरण-भात आणि साबुदाणा वडा असावा आणि हे सारे सचिवांना व शिपायाला एकाच हाताने वाढले जावे. अशोका रोडवरच्या आंध्र भवनात थाळीसाठी रस्त्यावरचा कुणीही रांगेत उभा राहतो, आणि त्यामुळे त्या राज्याची शान कमी झाल्याचे कुणी ऐकले नाही.

मुंबईच्या आणि उपनगरांच्या आमदार-खासदारांनी येत्या अधिवेशनात एवढेच विचारावे, की गेल्या वर्षात सदनाच्या किती खोल्या पत्राविना आलेल्या नागरिकांना मिळाल्या. आणि वाचकहो, दिल्लीला जाणे झाले तर कुणाच्या ओळखीची वाट पाहू नका. सरळ कस्तुरबा गांधी मार्गावर जा, ओळखपत्र दाखवा, खोली मागा. नाही म्हणाले, तर कारण लेखी द्यायला सांगा.