जुन्या रेडिओचा जीर्णोद्धार

गेल्या दिवाळीपूर्वीं घराची झाडलोट चालली असतां माळ्यावरून आमच्या तीर्थरूपांचा व्हॉल्व्हचा रेडिओ खालीं उतरला. नागपूरचें नभोवाणी केंद्र ता. १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें, आणि त्यानंतर दहा वर्षांनीं हा संच तुमसरास आमच्या ओसरीवर आला. पुतण्यानें कौतुकानें धूळ पुसली व मला विचारण्यापूर्वींच पिन भिंतींत खोंचली. डायलचा दिवा लागला, मुलांनीं टाळ्या पिटल्या, आणि मिनिटाभरांत मागून धूर निघूं लागला. वितळलेल्या मेणाचा वास दोन दिवस घरांत राहिला.

पुतण्यास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. सांगून ठेवण्याचें काम माझें होतें. अशा संचांत प्रवाहांतील थरथर घालविण्यासाठीं कंडेन्सर असतात. त्यांतील ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एक अतिसूक्ष्म थर असतो, तोच विजेस बांध घालतो. वर्षानुवर्षें वीज न मिळाल्यास हा थर दुर्बळ होतो; मग एकदम पूर्ण दाब पडला कीं कंडेन्सर जातो आणि जातांना ट्रान्स्फॉर्मरलाहि घेऊन जातो. म्हणून जाणते कारागीर जुना संच प्रथम ६० वॅटच्या तारेच्या दिव्याशीं एकसर जोडून पाहतात. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखर जळतच राहिला तर आंत दोष आहे असें समजावें. (हल्लींचे एल्.ई.डी. दिवे या कामीं निरुपयोगी.) मात्र हें काम घरच्या मुलांचें नव्हे. पिन काढल्यावरहि कंडेन्सरांत वीज सांचलेली असते, आणि ट्रान्स्फॉर्मर नसलेल्या संचांत लोखंडी सांगाडाच थेट विजेस जोडलेला असूं शकतो.

रेडिओ घेऊन प्रथम ज्या दुकानीं गेलों, तेथील तरुणानें तो उघडूनहि पाहिला नाहीं. "आजोबा, आंतलें सगळें काढून टाकूं, पेटी तीच ठेवूं, आंत ब्लूटूथ बसवून देतों." घरीं हा विचार बहुतेकांस पटला. सूनबाईंनीं तर नेमका प्रश्न केला, "मध्यम लहरींचीं इतकीं केंद्रें बंद झालीं, दुरुस्त करून ऐकणार काय?" प्रश्न खोटा नव्हता, आणि मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. परंतु देऊळ तेंच ठेवून आंतील देव बदलणें यास आपण जीर्णोद्धार म्हणत नाहीं.

उत्तर सांपडलें तें बाजारांतील एका वृद्ध कारागिरापाशीं. त्यांनीं मागील फळी काढून दोन भोंकें दाखविलीं. पूर्वीं ग्रामोफोनची तबकडी रेडिओवर ऐकावयाची असल्यास तेथें तार जोडीत. आमच्या संचास ट्रान्स्फॉर्मर असल्यामुळें मोबाइलचा आवाज तेथूनच जुन्या व्हॉल्व्हांतून सोडतां येतो. आंतील कांहींहि उपटावें लागत नाहीं. त्यांनीं ट्रान्स्फॉर्मर नव्यानें गुंडाळला. गळका कागदी कंडेन्सर काढून नवा घातला, तोहि जुन्याच्या पुठ्ठ्याच्या नळींत लपवून. व्हॉल्व्ह मात्र सगळे शाबूत निघाले! एक भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागला, त्यांत तीन आठवडे गेले.

त्या दुकानांत ट्रान्झिस्टरांचीहि रास होती. बहुतेकांचें मरण एकच: आंत विसरलेले सेल. जस्ताची डबी आंतून खाल्ली जाते व पाझरणारा द्रव पितळी पट्ट्या कुजवितो. गंमत अशी कीं, सेलांत लागणारें मँगॅनीज डायॉक्साइड आमच्याच तालुक्यांतील डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघतें. वीज नसलेल्या खेड्यांतून रेडिओ बोलला तो या काळ्या भुकटीच्या जोरावर. कपाटांत ठेवण्यापूर्वीं सेल काढण्यास अर्धें मिनिट लागतें.

कारागिरांस शिष्य नाहीं. दोन्ही मुलगे नागपुरास नोकरींत आहेत. आमचा पुतण्या आतां रविवारीं त्यांच्याकडे जाऊन बसतो. कंडेन्सरांवरील रंगांचे व अंकांचे अर्थ वहींत उतरवून घेतो, अक्षर मात्र अजून गचाळ आहे. रेडिओ ओसरीवर परत आला आहे. बटण फिरविल्यावर अर्धें मिनिट वाट पाहावी लागते, तोंवर काकू पदर सांवरून समोर बसतात. डायलची दोरी तेवढी सैल आहे. कांटा नागपूर दाखवितो तेव्हां आवाज भलत्याच गांवचा येतो. ती पुढच्या रविवारीं.