घरची ज्वारी आणि सरकारची तिजोरी

बिदर व कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमावर्ती जिल्ह्यांत ज्वारी हे केवळ पीक नव्हे, तो जगण्याचा पाया आहे. भाकरी माणसांची, कडबा गुरांचा आणि उरलेला दाणा बाजाराचा, अशी तिची वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. याच ज्वारीला मोड आणून घरातील पातेल्यात बिअर करता येते. मात्र १९६५ च्या कर्नाटक अबकारी कायद्यान्वये परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण कायदा नेमके कोणाचे रक्षण करतो, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

कृतीत गूढ असे काही नाही. ज्वारी भिजवून, ओल्या गोणपाटाखाली चार-पाच दिवस मोड आणून ती उन्हात वाळवायची. कोंभ व मुळे चोळून टाकून द्यावयाची, कारण त्यांत विष असते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, हे तेथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. उरलेल्या दाण्याचे भरड पीठ करावयाचे. दुसऱ्या पातेल्यात साधी ज्वारी शिजवून ती ६५ अंशांपर्यंत निवली की त्यात हे पीठ कालवायचे आणि पातेले घोंगडीत गुंडाळून तासभर ठेवायचे. पिष्टाची साखर होते. मग फडक्याने गाळून, उकळून, निववून त्यात यीस्ट घातले की काही दिवसांत सौम्य मद्य तयार होते. त्यात मद्यार्काचे प्रमाण शेकडा चार-पाच. येथे भट्टी नाही आणि ऊर्ध्वपातनही नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. आंबवलेल्या धान्यात मिथाईल अल्कोहोल नगण्य असते. माणसे मरतात ती कारखान्यांतून चोरलेले हे विष दारूत मिसळणाऱ्यांच्या लोभामुळे. १९८१ साली बंगळूरमध्ये तीनशेहून अधिक माणसे विषारी दारूने दगावली. १ जुलै २००७ पासून कर्नाटकाने अर्क, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद केली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात कर्नाटक-तामिळनाडूच्या सीमेवर पुन्हा दीडशेच्या आसपास बळी गेले. बंदीने तहान गेली नाही, केवळ पेला बदलला. आणि त्याच राज्यात परवानाधारक उपाहारगृहे राजधानीत आपल्याच आवारात बिअर तयार करून विकतात. श्रीमंतांच्या पेल्यात तो व्यवसाय ठरतो, गरिबाच्या पातेल्यात गुन्हा!

या मुलखाला या प्रश्नाचा इतिहासही आहे. १९४७ साली निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली. झाडाशी त्यांचे वैर नव्हते. अबकारीच्या उत्पन्नावर पोसलेल्या तिजोरीशी होते. १९४८ मध्ये निजामशाही संपली, १९५६ साली हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. पण तिजोरीची ती सवय मात्र वारशाने नव्या राजवटीकडे आली. घटनेचे ४७ वे कलम मद्यबंदीचे ध्येय सांगते, आणि अंदाजपत्रक अबकारी महसुलाकडे आशेने पाहते. घरच्या पातेल्यावर कर बसवता येत नाही, हेच त्याचे खरे पातक असावे, असा संशय येतो.

अन्यत्र सरकारांनी वेगळा मार्ग धरला. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढली. अमेरिकेच्या संघीय कायद्याने १९७८ मध्ये घराच्या उपयोगापुरती मर्यादित बिअर करण्यास मुभा दिली. विक्री मात्र वर्ज्य ठेवली. नायजेरियाने १९८८ मध्ये सातूच्या आयातीला बंदी करताच तेथील मद्यकारखाने ज्वारीकडे वळले. आणि आमच्या गोमंतकात तर परवाना घेऊन काजूची फेणी गाळली जाते. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही लाभले. तीव्र मद्याला असा मान, तर सौम्य आंबवणीला तुरुंग का?

आम्हांला आक्षेपाची कल्पना आहे. दारूने ज्या घरात चूल विझली, त्या घरातील स्त्रीला हा युक्तिवाद कडू लागेल, आणि तिचा राग न्याय्य आहे. म्हणूनच आम्ही मुक्त परवानगी मागत नाही. घराच्या गरजेपुरते प्रमाण ठरवावे, विक्री व ऊर्ध्वपातन पूर्णतः निषिद्ध ठेवावे आणि मिथाईलच्या चोरट्या व्यापाऱ्याला मात्र कठोर शासन करावे. पोलिसांची शक्ती पातेल्यांमागे धावण्यात खर्ची पडली तर विषाच्या टाक्या सुखरूप राहतात. अबकारीच्या पैशावर जगणाऱ्या सरकारला मद्यनिषेधाचा उपदेश करण्यापूर्वी स्वतःच्या तिजोरीकडे पाहावे लागेल.