पडद्यावरचा व्यापारी

चातुर्मासात आमच्या घरचा दूरदर्शन संच बहुतेक मौनच पाळतो. दिवाळीचे वहीपूजन आटोपले, कार्तिकी पौर्णिमेनंतर साधू-साध्वींचा विहार सुरू झाला, की रविवारी दुपारी सहकुटुंब चित्रपट पाहण्याचा आमचा परिपाठ पुन्हा सुरू होतो. यंदा तीन चित्रपट पाहिले: ‘दो आँखें बारह हाथ’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘शिप ऑफ थिसियस’. तिन्ही नवे नाहीत. परंतु चांगला चित्रपट जुन्या तुपासारखा असतो, वयाने त्याचा गुण वाढतो. मी समीक्षक नव्हे, दुकानदार आहे. कथेत देणे-घेणे आले की माझे कान टवकारतात. म्हणून या तिन्ही चित्रपटांविषयी मनात आले ते दुकानदाराच्या नजरेनेच मांडतो.

‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा चित्रपट. शांताराम राजाराम वणकुद्रे कोल्हापूरचे आणि त्यांचे वडील जैन, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. चित्रपटातील तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर नेऊन शेती करायला लावतो. या अधिकाऱ्याचे नाव आदिनाथ. पूर्वीच्या औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे १९३९ साली खुल्या तुरुंगाचा जो प्रयोग सुरू झाला, त्यावर ही कथा बेतलेली आहे. कथालेखक ग. दि. माडगूळकर त्याच भागातले. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

कैदी भाजी पिकवतात आणि बाजारात रास्त भावाने विकतात. इतके दिवस बाजार मुठीत ठेवलेल्या व्यापाऱ्याला ते खपत नाही. तो कैद्यांना मारहाण करवतो. हात न उचलण्याचे वचन दिलेले ते सहाजण मार खातात, पण वचन मोडत नाहीत. अखेर पिकात सोडलेल्या बैलांना आवरताना आदिनाथाचा प्राण जातो. चित्रपट संपला तेव्हा सर्वांचे डोळे ओले होते. तेवढ्यात आमच्या नातीने विचारले, “आजोबा, चित्रपटात दुकानदार नेहमी वाईटच का असतो?”

प्रश्न निरागस होता. परंतु तिचे वडील, काका आणि आजोबा तिघेही गल्ल्यावर बसतात. चिरंजीव किंचित रागावून म्हणाले, “लेखकांना दुसरे कोणी सापडत नाही, म्हणून!” मला मात्र हे उत्तर पुरेसे वाटले नाही.

पडद्यावर या पात्राचा इतिहास मोठा आहे. १९२५ साली बाबुराव पेंटर यांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. तो पाहण्याचा योग मला आला नाही; कथानक वाचून ठाऊक आहे. खोट्या कागदाच्या जोरावर सावकार निरक्षर शेतकऱ्याची जमीन गिळंकृत करतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनीच केली होती. १९५७ सालच्याच ‘मदर इंडिया’तला सुखीलाला तर सर्वांच्या परिचयाचा. त्याचे शस्त्र म्हणजे त्याची वही. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांना त्या वहीत लिहिलेले मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते.

हे पाहून आपण रागवावे काय? मला तसे वाटत नाही. पडद्यावरच्या व्यापाऱ्याचे ठरलेले अपराध म्हणजे खोटा कागद आणि खोटे माप. चित्रपट जन्मण्याच्या कितीतरी शतके आधी, आपल्या सर्व संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अणुव्रतांचे जे अतिचार सांगितले, त्यांत हे दोन्ही आहेत. सत्यव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख तयार करणे. अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे घेताना एक आणि देताना दुसरे माप वापरणे. आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे असलीत नकली मिसळणे. व्यापाऱ्याचा पाय कोठे घसरतो, हे आचार्यांनी चित्रपटवाल्यांपेक्षा अधिक बारकाईने पाहिले होते. सुखीलालाला पाहून ज्याला राग येतो, त्याने प्रतिक्रमणात याच दोषांची आलोचना आपण दरवेळी का करतो, हे स्वतःला विचारावे.

तथापि चित्र अपुरे आहे, हेही तितकेच खरे. परेश मोकाशी यांचा २००९ सालचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहताना हे प्रकर्षाने जाणवले. आपल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांची ही कथा. नंदू माधव यांनी दादासाहेब इतके हसतमुख रंगवले आहेत, की घरातले सामान विकले जात असतानाही प्रेक्षक खुदकन हसतो. दादासाहेबांनी विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले. परत आल्यावर वाटाण्याचे रोप उगवून वाढताना दाखवणारी छोटी चित्रफीत तयार केली. ती पाहूनच कर्ज देणाऱ्यांना विश्वास वाटला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, युनिटचा स्वयंपाक केला आणि फिल्मवरची कामेही शिकून घेतली. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्याच वर्षी दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि पुढचे चित्रपट येथे घडले. सत्यवचनी राजाचा तो चित्रपट उभा राहिला, त्यामागे कोणीतरी निव्वळ एका रोपट्यावर विश्वास ठेवून दिलेला पैसा होता. असा धनको पडद्यावर क्वचितच दिसतो.

दादासाहेबांचे स्मारक आपल्याकडे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. तेथून पायऱ्या चढून गेल्यास लेण्यात उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आढळतो. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही; व्याजातून लेण्यातील भिक्षूंच्या वस्त्रादी गरजा भागवायच्या. रक्कम, दर आणि हेतू सर्वांसमक्ष जाहीर करून दगडात कोरले. वही अशी उघडी असेल, तर व्याज पाश होत नाही.

तिसरा चित्रपट आनंद गांधी यांचा ‘शिप ऑफ थिसियस’ (२०१३). त्यातील साधूची कथा आपल्या मनाला फार जवळून भिडते. तिच्यावर स्वतंत्र लिहिणे योग्य होईल. आज सांगायचे आहे ते नवीन या शेअर दलालाविषयी. “तुला पैशापलीकडे काही दिसत नाही,” असा त्याच्या आजीचा आक्षेप. त्याच्यावर मूत्रपिंड रोपणाची शस्त्रक्रिया झालेली असते. एका मजुराचे मूत्रपिंड चोरीस गेल्याचे कळताच तो अस्वस्थ होतो: आपल्याला मिळालेले तेच तर नव्हे? चौकशीअंती ते तसे नसल्याचे सिद्ध होते. येथे कोणीही सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेला असता. नवीन मात्र शोध घेत थेट स्वीडनपर्यंत जातो. शेवटी मजूर मूत्रपिंडाऐवजी पैसे पत्करतो. नवीनला हे अपयश वाटते. मला वाटले नाही. चोरीचा माल स्वीकारणे, ‘तदाहृतादान’, हाही अचौर्याचाच अतिचार. आपल्या हाती आलेली वस्तू कोठून आली, हे विचारणारा व्यापारी पडद्यावर प्रथमच भेटला. चित्रपट संथ आहे, काही प्रसंग लहान मुलांसाठी नाहीत; थोरांनी व तरुणांनी मिळून अवश्य पाहावा.

नातीला मी सांगितले, “बाळ, तो वाईट दुकानदार खोटा नाही, पण तो सगळे दुकानदार नव्हे. आपण कोणते, हे ती वही आणि हा तराजू पाहून ठरव.” तेव्हापासून शाळेला सुटी असली की ती दुकानात येते आणि काट्यासमोर उभी राहून ग्राहकाच्या बाजूने आकडा वाचते. गडीमाणसांना गंमत वाटते. मला मात्र तिचे ते वाचणे कोणत्याही समीक्षेपेक्षा मोलाचे वाटते.