पोट मुलाचं, दुखणं कुणाचं?



आठवडाभर सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवार समुपदेशनाचा वर्ग, असं माझं दुसरं वर्ष सुरू आहे. सध्या आम्ही कुटुंबोपचार, म्हणजे फॅमिली थेरपी शिकतोय. कोजागरीला मंडळात हे कळल्यावर तिघीचौघींनी हळूच विचारलं, "मग आमच्याकडे येशील का गं?" त्याचं उत्तर 'नाही' असंच आहे. ओळखीच्या घरात थेरपिस्ट व्हायचं नसतं, आणि शिकाऊ माणसाने पर्यवेक्षकाशिवाय तर कुठल्याच घरात नाही. पण या शास्त्राची विचार करायची रीत मात्र सगळ्यांना सांगण्यासारखी आहे.

आम्हा इंजिनिअर लोकांना मूळ कारण शोधायची सवय असते. प्रोग्राम बंद पडला की लॉग उघडायचा, चुकलेली ओळ शोधायची, दुरुस्त करायची. घराच्या बाबतीत हे चालत नाही. बायको म्हणते, "हे बोलतच नाहीत, म्हणून मी चिडते." नवरा म्हणतो, "ही चिडते, म्हणून मी गप्प बसतो." दोघंही खरंच सांगत असतात. हे वर्तुळ आहे, त्यात पहिली ओळ सापडत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत ग्रेगरी बेटसन आणि त्यांचे सहकारी कुटुंबातल्या संवादाचा असाच अभ्यास करत होते. त्या कामाचा या शास्त्रावर मोठा प्रभाव पडला.

वर्गात सरावासाठी आम्हाला एक काल्पनिक कुटुंब दिलं आहे. चौदा वर्षांचा मुलगा. रोज सकाळी पोट दुखतं, शाळा बुडते. डॉक्टरांच्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. बाबा नोकरीसाठी दुसऱ्या गावी, महिन्यातून एकदा घरी. आई आणि आजी यांच्यात जेवढ्यास तेवढं बोलणं. पण मुलाचं पोट दुखलं की आजी ओवा काढते, आई रजा टाकते, बाबांचा दिवसातून तीनदा फोन येतो. "याला बरं करा," असं म्हणून घरच्यांनी मुलाला आणलं आहे.

आता हेच घर वेगवेगळे गुरू कसं बघतील ते पाहा.

मरे बोवेन म्हणतील, त्रिकोण शोधा. दोन माणसांमधला ताण त्यांना पेलेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. इथे ती जागा मुलाची झाली आहे का? त्यासाठी तीन पिढ्यांचा नकाशा काढायचा, म्हणजे जेनोग्राम. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यांच्या रेघा. साल्वादोर मिनुचिन रचना बघतील. शाळेत जायचं की नाही, हे या घरात ठरवतं कोण? आईने 'जा' म्हटल्यावर आजी 'राहू दे गं आज' म्हणते का? व्हर्जिनिया सटीर बोलण्याची ढब बघतील. कोण सतत समजूत घालतं, कोण दोष देतं, कोण भावना बाजूला ठेवून कोरडा हिशेब मांडतं, कोण विषयच बदलतं. ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आधी मुलाला आणि त्रासाला वेगळं करतील. त्रासाला मुलानेच नाव द्यायचं, समजा 'सकाळची गाठ'. मग सगळ्यांनी मिळून त्या गाठीशी कसं वागायचं, हे बोलायचं.

चारही दृष्टी पटतात, पण उपचाराचा आराखडा लिहायला बसलं की निवड करावी लागते. आमच्या बाई एकच पान देतात. कुटुंबाला स्वतःला काय हवंय? आपला अंदाज काय, आणि तो चुकीचा आहे हे कशावरून कळेल? कुणाकुणाला बोलवायचं? पहिलं छोटं उद्दिष्ट कोणतं? पुन्हा कधी तपासायचं? 'घरात संवाद वाढवणे' असं लिहिलं की पान परत येतं. या घरासाठी आमच्या गटाने लिहिलं ते असं: आई आणि आजी दोघींना एकत्र बोलवायचं. सकाळी शाळेबद्दल आई सांगेल, आजी तिला दुजोरा देईल. बाबा रोज रात्री मुलाला फोन करतील, पण पोटाबद्दल विचारणार नाहीत. दोन आठवड्यांनी शाळेत गेलेले दिवस मोजायचे. आणि या सगळ्याआधी शाळेत कुणी त्रास देतंय का, अभ्यास जड जातोय का, हे मुलाशी एकट्याने बोलून बघायचं. कारण कधीकधी दुखण्याचं कारण घराबाहेर असतं, आणि आपण मात्र घरातले त्रिकोण मोजत बसतो.

या पानावर वर्गात सगळ्यात मोठी चर्चा झाली ती आजीवरून. "आजीची लुडबुड थांबवा, म्हणजे झालं," असं काही जणांचं मत पडलं. पण आपल्या घरांत दोघं नोकरीवर गेल्यावर घर आजीच्याच जिवावर चालतं. तिला बाहेर काढणारा आराखडा कागदावर नीटनेटका दिसेल, घरात मात्र पहिल्याच दिवशी कोसळेल. मिनुचिन यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की जबाबदारीच्या रेषा स्पष्ट असतील तर आजी पालकाच्या भूमिकेत असूनही घर उत्तम चालू शकतं. म्हणजे प्रश्न आजी असण्याचा नाही, शेवटचा शब्द कुणाचा हे न ठरण्याचा आहे.

कुटुंबाला सोबत घेण्याची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला दिलं आणि उपचारात सामील करून घेतलं. नातेवाईक म्हणजे अडचण, असं त्यांनी मानलं नाही.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. 'सगळ्यांचाच थोडा वाटा असतो' हा विचार मारहाणीला लागू होत नाही. जिथे हिंसा किंवा धाक आहे तिथे वर्तुळ वगैरे काही नसतं. मारणाऱ्याची जबाबदारी मारणाऱ्याचीच. अशा वेळी नवरा-बायकोला एकत्र बसवून बोलतं केलं, तर घरी गेल्यावर त्या बोलण्याची किंमत तिलाच मोजावी लागू शकते. म्हणून आधी प्रत्येकाला एकेकटं भेटायचं आणि ती सुरक्षित आहे ना हे बघायचं. आमच्या पानावर हा रकाना सगळ्यात वर आहे.

मग आपण वाचकांनी काय करायचं? घरात कुणी थेरपिस्ट बनू नका. पण एखाद्या मुलाला 'हट्टी', एखाद्या सुनेला 'तापट' असा शिक्का मारण्याआधी एक प्रश्न घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा विचारून बघा: "हे झालं की आधी कोण काय करतं, आणि त्यानंतर कोण?" उत्तरं जुळणार नाहीत. ती शांतपणे ऐकून घ्या, कुणाचं बरोबर ते ठरवू नका. आणि त्रास जुना असेल, झोप-जेवण-शाळा बिघडली असेल, तर प्रशिक्षित माणसाकडे जा. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

जाताना मात्र एकट्या मुलाला पुढे करू नका. सगळे मिळून जा, आजीलाही घेऊन.