दोन थेंब आणि सदका

रमजानमध्ये घरोघरी हिशेब चालू असतात. जकात किती निघते, ईदच्या नमाजआधी फितरा कोणाला द्यायचा. पण सदका म्हणजे फक्त पैसा नव्हे. वाटेतला दगड बाजूला सारणे हाही सदकाच, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतो. ज्या कामाचा फायदा करणाऱ्याच्या मागेही लोकांना मिळत राहतो, त्याला सदका-ए-जारिया म्हणतात. विहीर खोदणे, झाड लावणे, शाळा काढणे. या यादीत मी पोलिओचे दोन थेंबही धरतो.

१९८८ साली जगाने पोलिओ संपवायचे ठरवले, तेव्हा दरवर्षी अंदाजे साडेतीन लाख लोक, बहुतेक लहान मुले, लुळे होत. आज मूळ विषाणू पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे. भारतात २००९ मध्ये ७४१ रुग्ण होते. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला.

आता अवघड गोष्ट. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या अनेक मुस्लिम मोहल्ल्यांत या थेंबांना दारे बंद झाली होती. थेंबांमुळे पुढे मूल होत नाही, ही अफवा पसरली होती. हे आपण मुसलमानांनी कबूल केले पाहिजे. पण तिथले लोक आणखी एक प्रश्न विचारत होते : गटार तुंबलेले, तापाला गोळी मिळत नाही, मग याच औषधासाठी सरकार पुन्हा पुन्हा दारात का येते? प्रश्न रास्त होता. त्यासाठी मुलाचे पाय पणाला लावणे मात्र रास्त नव्हते.

दारे दटावून उघडली नाहीत. त्याच गल्लीतल्या बायका घरोघरी जाऊन बसल्या, बोलल्या. इमामांनी मशिदीच्या भोंग्यावरून आवाहन केले. अलिगढ आणि जामिया मिल्लियाची माणसे समजावायला आली. रोटरीचे स्वयंसेवक बूथवर उभे राहिले. यातल्या कित्येकांना मोबदला नव्हता किंवा अगदी तुटपुंजा होता.

विश्वास तुटला की काय होते, तेही जगाने पाहिले. नायजेरियाच्या कानो प्रांतात २००३ मध्ये लसीकरण थांबले आणि पोलिओमुक्त झालेल्या देशांतही विषाणू परत गेला. पुढे इंडोनेशियात तयार झालेली लस आणून तिथली कोंडी फुटली. पाकिस्तानात ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी अमेरिकी हेरांनी लसीकरणाचे सोंग वापरले. तो घोर अपराध होता. पण त्यानंतर गोळ्या कोणावर झाडल्या गेल्या? थेंब पाजायला निघालेल्या, बहुतेक मुसलमान असलेल्या स्त्री-पुरुषांवर. आणि लुळी पडली तीही मुसलमानांचीच मुले.

अजूनही कोणाच्या मनात शंका असेल, तर त्याने हज यात्रेकरूंच्या लसीकरण शिबिरात जावे. पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग तोंड उघडून हेच थेंब घेतात आणि मक्केला निघतात.

हे आज सांगण्याचे कारण आहे. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली, मुले दगावली. त्यातल्या अनेकांना लस मिळालीच नव्हती. रोग बदलला, तरी बंद दार तेच राहिले.

म्हणून या महिन्यात दोन विनंत्या. इमामसाहेबांनी जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटे लसीसाठी द्यावीत. आशाताई दुपारी आली आणि घरची बाई सहरीला उठल्यामुळे झोपलेली असली, तर शेजारणीने तिला उठवावे, ताईला परत पाठवू नये.

आणि हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती वाचकांना एक सांगणे. ‘ते लोक लस घेत नाहीत’ असे म्हणून मोकळे होऊ नका. इफ्तारला आमच्याकडे येताच, तसेच लसीकरणाच्या दिवशीही आमच्या गल्लीत या. विषाणू मोहल्ल्याची हद्द पाळत नाही. आपणही ती पाळू नये.