भुलेआधी उपास किती?

गेल्या महिन्यात माझे एक जुने रुग्ण हर्नियाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात दाखल झाले. वय सत्तर. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको,’ अशी ताकीद होती. ऑपरेशन सकाळी दहाला ठरले होते. पण मध्येच तातडीचे सिझेरियन आले आणि यांचा नंबर लागला दुपारी तीनला. ऑपरेशन उत्तम झाले. मात्र नंतर भेटले तेव्हा म्हणाले, ‘डॉक्टर, टाक्यांचं काही नाही, पण ती तहान विसरत नाही.’

हा उपास हवाच कशाला? पूर्ण भूल दिली की गिळण्याची व खोकण्याची स्वाभाविक क्रिया थांबते. अशा वेळी पोटातले अन्न किंवा आम्ल वर येऊन श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसांना गंभीर इजा होते, प्रसंगी प्राणावर बेतते. न्यूयॉर्कच्या डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातील ६६ स्त्रियांच्या बाबतीत असे घडले होते. दोघी दगावल्या, त्या घन अन्नाने गुदमरून. भीती खरी होती. पण पुढे अन्न आणि पाणी यांना एकच नियम लावला गेला.

वास्तविक पोटाला हा फरक कळतो. साधे पाणी पोटातून लवकर पुढे सरकते. पोळी-भाजीला कित्येक तास लागतात. २००३ साली २२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. भुलेच्या काही तास आधीपर्यंत पाणी प्यायलेल्यांच्या पोटात, कोरडा उपास केलेल्यांपेक्षा जास्त द्रव आढळला नाही. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच दोन तासांची मर्यादा सांगितली. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या सूचनाही त्याच धर्तीच्या आहेत.

ठरलेल्या ऑपरेशनसाठी सर्वसाधारण हिशेब असा : तळलेले, तुपकट किंवा मांसाहारी जेवण आठ तास आधी बंद, हलका नाश्ता व दूध सहा तास आधी, तान्ह्या बाळाला आईचे दूध चार तास आधीपर्यंत, पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत. आपला नेहमीचा दुधाचा चहा, ताक, लस्सी हे ‘पाण्यात’ मोडत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

काही इस्पितळांचे म्हणणे असे, की पाण्याची मुभा दिली तर लोक चहा-बिस्किटापर्यंत जातात. शिवाय नंबर अलीकडे-पलीकडे होतो. अडचण खरी आहे. मीही अनेक वर्षे रुग्णांना ‘बारानंतर काही नको’ असेच सांगत आलो, कारण ते सांगायला सोपे. पण आपल्या सोयीसाठी म्हाताऱ्या माणसाला वा लहान मुलाला पंधरा तास कोरडे ठेवणे मला आता पटत नाही. रुग्णाच्या कागदावर दोन वेळा स्वच्छ लिहाव्यात : अन्न कधी बंद, पाणी कधी बंद. नंबर लांबला तर भूलतज्ज्ञांना विचारून घोटभर पाणी द्यावे.

मात्र वाचकांनी परस्पर निर्णय घेऊ नये. जुना मधुमेह, आतड्यात अडथळा, गरोदरपण, छातीत आंबट येण्याचा त्रास किंवा साखर-वजन कमी करणारी आठवड्याची इंजेक्शने चालू असतील तर पोट सावकाश रिकामे होते. अशांचे नियम वेगळे असू शकतात. तेव्हा ही माहिती भूलतज्ज्ञांना आधीच द्यावी. कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्यायची असली तरी उपास चुकत नाही, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते.

आणि शेवटची विनंती नातेवाइकांना. ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून गुपचूप चमचाभर शिरा भरवू नका. काही खाल्ले-प्यायले गेलेच, तर लपवू नका. ऑपरेशन चार तास पुढे गेले तर फारसे बिघडत नाही. खोटे सांगितले तर जीव जाऊ शकतो.